आठवड्यातून एक सायंप्रार्थना, मराठीत गाऊन : महाराष्ट्रातल्या बिशपांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कॅथलिक धर्मप्रांतांचे सर्व आदरणीय बिशप
आणि कॅथेड्रलमधल्या गायकवृंदांचे प्रमुख यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

मी सांगलीला राहते. मिरजेत नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या छोट्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, रविवारच्या मिस्साला (मुख्य उपासनेला) पेटी वाजवते. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती चालली नाही. नजरही आता अंधूक झाली आहे. लोखंडी पलंग, खिडकीबाहेरचा शेवगा आणि उशाशी एक छोटा स्पीकर, एवढ्यात तिचा दिवस जातो. कान मात्र तीस वर्षांच्या बाईचे आहेत. या पत्रातली मागणी मुळात तिची. हात माझा.

मागणी आधी सांगते, कारणं मागून. आपल्या कुठल्याही एका कॅथेड्रलमधून, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमधून, आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, सायंप्रार्थना मराठीत गायली जावी. आणि ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शांततेपर्यंत, नुसत्या आवाजात, नीट ध्वनिमुद्रण करून घरोघरी पोहोचावी.

हे आमच्या डोक्यात आलं ते बुधवारच्या रात्रींमुळे. बीबीसी रेडिओ ३ वर बुधवारी इंग्लंडमधल्या एखाद्या कॅथेड्रलमधून संध्याकाळची गायलेली उपासना थेट लागते. तिथली दुपार म्हणजे आपली रात्र. उन्हाळ्यात आठ-साडेआठ वाजता, हिवाळ्यात त्यांचं घड्याळ बदललं की तासभर उशिरा. हा कार्यक्रम ७ ऑक्टोबर १९२६ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधून पहिल्यांदा प्रसारित झाला. बहुतेक आठवडे ती अँग्लिकन चर्चची उपासना असते. पण मधूनच एखाद्या बुधवारी ती कॅथलिक कॅथेड्रलमधून येते, आणि मग ती आपली सायंप्रार्थना असते, लॅटिनमधली. पॅरिसच्या नोत्र दामची सायंप्रार्थना केटीओ या कॅथलिक वाहिनीवर लागते. कोलोनच्या कॅथेड्रलमधल्या उपासना तिथला डोमरेडिओ ऐकवतो. इंटरनेट आल्यापासून हे सगळं सांगलीच्या एका खोलीत येऊन पोहोचलं. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दामला आग लागली तेव्हा आई रात्रभर जागी होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि तिथलं गाणं परत कानावर आलं, तेव्हा तिने मला देवळीत मेणबत्ती लावायला सांगितली.

आमचं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे लंडनचं वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल. ॲबी वेगळी आणि हे वेगळं, कॅथेड्रल कॅथलिकांचं, लाल विटांचे आणि पांढऱ्या दगडाचे पट्टे असलेलं. तिथे गायकवृंद मुख्य वेदीच्या मागे उंचावर उभा राहून गातो. म्हणजे समोर बाकांवर बसलेल्या माणसालासुद्धा गाणारे सहसा दिसत नाहीत, आवाज वेदीमागून येतो. हे आईला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तिथे बसलेल्यांना आणि मला सारखंच."

माझ्या मनात या पत्राचं बी तिथे पडलं.

आता सायंप्रार्थनेत काय असतं ते गायकवृंदाच्या मुलांसाठी थोडं सांगते, कारण आमच्याकडच्या तरुण मुलांनी ती ऐकलेलीच नाही. फादर आणि सिस्टर ती रोज म्हणतात, पण बहुधा चॅपेलच्या दाराआड. देवा, माझ्या साहाय्याला ये, अशी हाक देऊन सुरुवात. मग एक गीत, मग स्तोत्रसंहितेतली दोन स्तोत्रं आणि नव्या करारातलं एक गीत, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर पालुपद. छोटंसं वाचन. मग मरियेचं स्तोत्र, 'माझा जीव प्रभूला थोर मानतो'. त्या वेळी वेदीला धूप दाखवतात. रेडिओवर धूप दिसत नाही की त्याचा वास येत नाही, पण धुपाटण्याच्या साखळीचा किणकिणाट येतो. आई लगेच म्हणते, "धूप चाललाय." शेवटी विनंत्या, प्रभूची प्रार्थना, आणि मग ऋतूप्रमाणे मारियामातेचं गीत.

स्तोत्रं गाण्याची रीत फार साधी आणि फार खोल आहे. गायक दोन बाजूंना विभागलेले. एक ओळ या बाजूने, पुढची त्या बाजूने. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक थांबा. सगळे मिळून तिथे श्वास घेतात. नवख्याला वाटतं काहीतरी विसरले. पण त्या थांब्यात मागचा अर्धा चरण दगडी भिंतींवरून फिरून परत येतो, तो विरला की पुढचा अर्धा सुरू होतो. आई पलंगाच्या गजावर तर्जनीने तो थांबा मोजते. दुसरी बाजू घाईने आत शिरली तर तिचं बोट अधांतरी राहतं, आणि मला कळतं की आज कुणीतरी नवीन आहे.

हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही. सांगली-सातारच्या कुठल्याही गावात संध्याकाळी देवळात हरिपाठ लागतो तेव्हा टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात. चरण एका बाजूने, धरणं दुसऱ्या बाजूने. रोज तेच अभंग, म्हणून रोज पाठ. आमच्या शेजारच्या काकू माळकरी आहेत. बुधवारी कधी दूध द्यायला आल्या की दाराशी उभ्या राहून ऐकतात. एकदा म्हणाल्या, "शब्द कळला नाही, पण हरिपाठच आहे हा." कलीसियेतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मोठमोठ्या अभ्यासकांपैकीही मला सायंप्रार्थनेची इतकी नेमकी ओळख कुणी करून दिली नव्हती.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांची गोष्टही सांगायला हवी. माझ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बिघडली होती, ते घरी येऊन लावून देत होते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत होते, एकेक केस मागेपुढे, आणि तेवढ्यात बुधवारचं प्रसारण सुरू झालं. ते काम थांबवून ऐकायला लागले. सुरुवातीला ऑर्गन होता, मग ऑर्गन थांबला आणि नुसत्या गळ्यांनी चार आवाजांत मरियेचं स्तोत्र सुरू झालं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, गंधार खाली उतरला बघा. आता जागेवर बसला."

मी चाळीस वर्षं पेटी वाजवते, मला ते कळलं नव्हतं. ऑर्गन आणि पेटी यांचे सूर सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले असतात, त्यात गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, निसर्गाच्या गंधारापेक्षा जरा चढाच असतो. माणसं साथीशिवाय एकमेकांचं ऐकत लांब सूर धरून गातात तेव्हा गळा आपोआप त्या नैसर्गिक जागेकडे ओढला जातो. तंबोरा नीट लागला की कुणी न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, षड्ज त्या गायकांशी मिळवला आणि गाणं संपेपर्यंत छेडत राहिले. शेवटचा सूर त्या उंच घुमटाखाली विरत गेला तेव्हा इकडे तंबोऱ्यातून तोच गंधार वर आला. ही गोष्ट मी कानांनी ऐकली आहे, म्हणून लिहिते.

सुरांच्या या वादाशी आमच्या भागाचं जुनं नातं आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश, दोघांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींचा, म्हणजे सूक्ष्म सुरांचा, ध्यास घेतला, पुस्तकं लिहिली, श्रुती दाखवणारी पेटी करवून घेतली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचा गळा त्या कामात त्यांच्या सोबत होता. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. पुढे १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीने पेटीला आपल्या स्टुडिओबाहेर ठेवलं, त्यामागेही सुरांची हीच तक्रार होती. पेटी माझ्या जिवाभावाची आहे, तरी मी म्हणते : सायंप्रार्थनेला पेटी नको, कीबोर्ड तर नकोच. एक चांगला तंबोरा ठेवा आणि माणसांना गाऊ द्या.

आता प्रश्न असा येईल की मिस्सा तर आपण ऑनलाइन दाखवतोच, मग आणखी सायंप्रार्थना कशाला? याचं उत्तर आजारी माणसाच्या उशाशी बसल्याशिवाय कळत नाही. मिस्सा घरी बघताना जिथे सगळं एकवटतं त्या क्षणी आई बाहेर राहते. सगळे ख्रिस्तशरीर स्वीकारायला उठतात आणि ती पडद्याच्या या बाजूला असते. फादर महिन्यातून एकदा घरी कम्युनियन घेऊन येतात, तो दिवस तिचा सण असतो. सायंप्रार्थनेत मात्र असं काही अडत नाही. ती शब्द आणि सूर यांचीच बनलेली आहे. कान असला की माणूस पूर्ण आत असतो. पलंगावरून आई अर्धी ओळ म्हणते, थांबते, उरलेली म्हणते. ती त्या वेळी बघ्यांत नसते, दोन बाजूंपैकी एका बाजूला असते. मिरजेच्या वॉर्डांत मी रात्रपाळ्या केल्या आहेत. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ रोग्याला सगळ्यात जड जाते. भेटायला आलेली माणसं गेलेली असतात, झोप लांब असते. त्या वेळेला कलीसियेने पूर्वापार एक प्रार्थना नेमून ठेवली आहे, आणि नेमकी तीच आम्ही रोग्याला देत नाही.

मी नवीन काही मागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचं संविधान दिलं. त्याच्या परिच्छेद १०० मध्ये म्हटलं आहे की रविवारी आणि मोठ्या सणांना मुख्य प्रार्थना, विशेषतः सायंप्रार्थना, चर्चमध्ये सर्वांनी मिळून व्हावी याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावी. परिच्छेद ११९ मध्ये ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य स्थान द्यायला सांगितलं आहे. आणि परिच्छेद २० तर थेट रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या प्रसारणाबद्दल आहे : ते संयमाने आणि प्रतिष्ठेने व्हावं, आणि त्यासाठी बिशपांनी नेमलेल्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावं. आदरणीय बिशप महोदय, त्या एका वाक्यातली 'योग्य व्यक्ती' नेमा, एवढीच पहिली पायरी आहे.

ती व्यक्ती आवाज जाणणारी असावी. २०२० च्या टाळेबंदीत सगळीकडे मोबाइलवरून मिस्सा सुरू झाल्या, त्या वेळी तो मोठा आधार होता आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण त्यानंतरही आवाज तिथेच राहिला. एका चर्चची मिस्सा लावली की आई म्हणते, "मला पंखाच ऐकू येतोय." तिचं बरोबर असतं. मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच कमीजास्त करतो. शांतता पसरली की तो घाबरून पातळी वाढवतो आणि पंखा, खुर्च्या, रस्त्यावरची रिक्षा पुढे येते. गायक सुरू झाले की पातळी दाबतो आणि गाणं चेपलं जातं. काही ॲप तर लांब धरलेल्या सुराला गोंगाट समजून पुसूनच टाकतात. शिवाय माइक एका गायिकेच्या तोंडाशी असतो, त्यामुळे बाकीचे वीस जण कुठेतरी विहिरीत गात आहेत असं वाटतं.

रेडिओवाले याच्या उलट करतात. मोजके चांगले माइक, गायकांपासून अंतरावर आणि उंचावर, म्हणजे गळ्यांबरोबर इमारतही ऐकू येते. पातळी हाताने ठरवून ठेवलेली. वरून घुमारा चढवलेला नसतो, कारण दगडी चर्चला स्वतःचा घुमारा असतो. सुरुवातीला निवेदक जागेचं नाव आणि काय गायलं जाणार ते सांगतो आणि बाजूला होतो. मधे कुणी समजावून सांगत नाही, जाहिरात नाही, शांतता आली तर ती शांतताच राहते, कुणाचा तरी खोकला येतो. एवढ्यासाठी स्टुडिओ लागत नाही. दोन माइक, एक रेकॉर्डर आणि पंखे बंद करण्याची तयारी लागते. चित्र नको म्हणते ते याचसाठी : कॅमेरा आला की दिवे येतात, वायरी येतात, पोरं केस सारखे करतात, आणि इंटरनेट कमी असलेल्या जतच्या वाडीवर चित्र अडकून पडतं. आवाज तिथेही पोहोचतो.

भाषेचा मुद्दा आईचा आहे, म्हणून तिच्या शब्दांत लिहिते. ती लॅटिन मिस्सा ऐकत मोठी झाली, अजूनही तिला ती पाठ आहे. एका बुधवारी कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "तेव्हा आम्हाला अर्थ कळत नव्हता, पण चाल होती. आता अर्थ कळतो, तर चालच राहिली नाही." मी पेटी वाजवते, म्हणून हे मला लागलं, आणि ते खरं आहे. आम्ही रविवारी जी गीतं गातो त्यांतली बरीचशी सिनेमाच्या वळणाची आहेत, दोन वर्षांत जुनी होतात. स्तोत्रं तर आम्ही गातच नाही, वाचतो.

मराठीला हे अवघड आहे असं कुणी म्हणू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि त्या गोव्याच्या चर्चमधून लोकांसमोर म्हटल्या जात. आमच्या शेजारच्या साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला. ते प्रॉटेस्टंट होते, पण अभंग आणि ओवीत ख्रिस्ताची स्तुती कशी बसते ते त्यांनी सगळ्या मराठी ख्रिस्ती लोकांना दाखवलं, आणि आमच्या घरात त्यांची भजनं आजीपासून आहेत. स्तोत्राची एक ओळ मुळातच दोन अर्ध्यांची असते. ओवीचा, अभंगाचा चरण धरायची सवय असलेल्या गळ्याला ती गायला वर्षभराचं शिक्षण लागत नाही. भूपाच्या पाच सुरांत एक स्तोत्र बसवून बघा, मारव्यात दुसरं. संध्याकाळचे राग आपल्याकडे आयते पडले आहेत. लॅटिन चालींची नक्कल करा असं मी म्हणत नाही. त्यांचा थांबा घ्या, दोन बाजू घ्या, आणि बाकी आपलं गा.

गायक कुठून आणायचे, असं विचाराल. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलची गोष्ट इथे उपयोगी पडेल. कार्डिनल व्हॉन यांनी गाणाऱ्या मुलांची शाळा १९०१ मध्ये सुरू केली, तेव्हा कॅथेड्रलचं बांधकाम पुरं झालं नव्हतं. ते उघडलं १९०३ मध्ये. रिचर्ड टेरी नावाच्या संगीतप्रमुखाने त्या पोरांना घेऊन शेकडो वर्षं धूळ खात पडलेलं संगीत पुन्हा गायला लावलं. आपल्याकडे तर इमारती उभ्या आहेत, वसईला घराघरात गाणारी माणसं आहेत, पुण्यात आहेत, नाशकात आहेत. सुरुवातीला आठ गळे पुरेत, चार या बाजूला, चार त्या बाजूला. जिथे आज कुठे गायली जाते तिथूनच सुरू करा, आम्हाला सांगलीहूनच हवी असा हट्ट नाही. सगळ्या धर्मप्रांतांनी आळीपाळीने घेतली तर एकेकाच्या वाट्याला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येईल. आमच्या आकाशवाणी केंद्रांनाही सणाच्या दिवसासाठी विचारता येईल, आधी मुद्रण दाखवण्याजोगं झालं पाहिजे.

माझ्याकडून जे होईल ते लिहून देते. सरावासाठी लागेल तिथे मी येईन, एसटीने येईन. तंबोरा माझा. मिरजेच्या त्या कारागिरांना विचारलं आहे, पहिल्या वेळी जवारी लावून द्यायला ते सोबत यायला तयार आहेत.

आणि पहिलं स्तोत्र कोणतं हे आईने ठरवलं आहे : एकशे एक्केचाळिसावं. त्यात भक्त म्हणतो की माझी प्रार्थना तुझ्यापुढे धुपासारखी असो आणि माझे उंचावलेले हात संध्याकाळच्या अर्पणासारखे. ही निवड तिच्या मनाची नाही, पुस्तकातली आहे. स्तोत्रांच्या चार आठवड्यांच्या चक्रात पहिल्या शनिवारी संध्याकाळी हेच स्तोत्र येतं, आणि आगमनकाळाचा (नाताळआधीच्या चार आठवड्यांचा) पहिला रविवार आला की ते चक्र पहिल्या आठवड्यापासून सुरू होतं. म्हणून येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची आदली संध्याकाळ आम्ही धरून चाललो आहोत. किती वाजता ते तेवढं आधी कळवावं. आईची संध्याकाळची गोळी सातला असते, ती मी मागेपुढे करीन.

आपली नम्र,
धर्मग्रामातली एक पेटीवादक,
सांगली